आलेख वाचायचा कसा आणि त्यातून समीकरण काढायचं कसं

आलेख समोर आला की डोळा आधी रेषेवर जातो. वर चाललीय की खाली, एवढं पाहून आपण मनातल्या मनात निकाल लावून मोकळे होतो. नव्याने शिकणाऱ्याला मी याच्या नेमकी उलटी सवय लावतो: रेषेकडे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी आडवा अक्ष, मग उभा अक्ष, मग एका चौकोनाची किंमत आणि त्यानंतर रेषा. पहिल्या दिवशी हे कंटाळवाणं वाटतं. पण आलेखातल्या बहुतेक चुका रेषा वाचताना होत नाहीत, रेषेपर्यंत पोहोचायच्या आधीच झालेल्या असतात.

साहित्य फारसं लागत नाही. मिलिमीटरच्या चौकोनांचा आलेख कागद, टोकदार पेन्सिल आणि पट्टी. पट्टी पारदर्शक घ्या. लाकडी किंवा स्टीलच्या पट्टीखाली अर्धे बिंदू झाकले जातात आणि रेषा अंदाजाने ओढली जाते.

आधी अक्षांचं वाक्य करा

कोणताही आलेख हाती आला की हे वाक्य पूर्ण करा: 'अमुक बदलत गेलं तसं तमुक किती झालं, ते हा आलेख सांगतो.' पहिली जागा आडव्या अक्षाची, दुसरी उभ्याची. जे आपल्या हातात असतं किंवा आपोआप पुढे सरकत राहतं, उदाहरणार्थ वेळ, ते सहसा आडव्या अक्षावर घेतात. त्याच्यामागून जे बदलतं ते उभ्या अक्षावर. वाक्य जमलं नाही तर पुढे जाऊ नका, कारण आपण काय वाचतोय हेच अजून ठरलेलं नाही.

मग एकक पाहा. मिनिटं की तास, सेंटिमीटर की मीटर. आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही पाहा. अक्ष मधूनच सुरू केला की छोटा फरक मोठा दिसतो, म्हणून असा आलेख म्हणजे लबाडीच, असं काही जण ठामपणे सांगतात. मला ते पटत नाही. तापाच्या रुग्णाचा आलेख शून्य अंशापासून काढला तर ३७ आणि ३९ अंश सेल्सिअस यांतला फरक डोळ्यांना जाणवणारही नाही, आणि तिथे तोच फरक महत्त्वाचा आहे. अक्ष कुठून सुरू होतो ते पाहून घ्यावं, एवढंच.

वक्ररेषा आणि समीकरण ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत, ही कल्पना फ्रेंच गणितज्ञ रने देकार्त यांनी १६३७ मध्ये मांडली. व्यापाराचे आकडे रेषांनी दाखवायची पद्धत मात्र बरीच उशिरा, विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ च्या पुस्तकातून रूढ होत गेली. मधली दीडशे वर्षं बहुतेक लोक आकड्यांचे तक्तेच वाचत राहिले. म्हणजे आलेख वाचणं कुणालाच उपजत येत नाही, ते शिकावं लागतं.

एका चौकोनाची किंमत

एक उदाहरण घेऊ. मेणबत्ती पेटवली तेव्हा तिची उंची २० सेंटिमीटर होती, आणि सारख्याच गतीने जळत ती ८ तासांत संपली. म्हणजे रेषा २० पासून सरळ खाली उतरत ८ तासांना शून्यावर येते. आलेखात आडव्या अक्षावर वेळ तासांत, उभ्या अक्षावर उंची सेंटिमीटरमध्ये. प्रमाण असं दिलंय: आडव्या अक्षावर कागदाचा १ सेंटिमीटर म्हणजे १ तास, उभ्या अक्षावर कागदाचा १ सेंटिमीटर म्हणजे मेणबत्तीचे ५ सेंटिमीटर.

कागदाच्या एका सेंटिमीटरमध्ये दहा बारीक चौकोन असतात. म्हणून उभ्या अक्षावर एका बारीक चौकोनाची किंमत ५ भागिले १०, म्हणजे ०.५ सेंटिमीटर. आडव्या अक्षावर १ तास भागिले १०, म्हणजे ६ मिनिटं. या दोन किमती आलेखाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा. प्रत्येक वेळी नव्याने मनात हिशेब केला की तिसऱ्या-चौथ्या वाचनाला हमखास घोळ होतो.

माझा स्वतःचा झालेला घोळ सांगतो. शाळेत असताना अशाच एका आलेखावर मी २ तासांपुढचे तीन चौकोन मोजले आणि उत्तर लिहिलं '२ तास ३० मिनिटं'. तीन चौकोन म्हणजे ०.३ तास, म्हणजेच १८ मिनिटं. उत्तर हवं होतं २ तास १८ मिनिटं. दशांश चिन्हापुढचा आकडा म्हणजे मिनिटं नव्हेत, हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते आजवर हललेलं नाही. तास आणि मिनिटांच्या आलेखात ही चूक इतकी सर्रास होते की मी आता दुसऱ्याचं उत्तर तपासताना आधी तिथेच बघतो.

किंमत वाचण्याच्या दोन दिशा

पहिली दिशा: ३ तासांनी उंची किती? आडव्या अक्षावर ३ वर पेन्सिल टेकवा. सरळ वर जा, रेषा लागली की थांबा. तिथून डावीकडे वळा आणि उभ्या अक्षापर्यंत या. १० च्या वर पाच बारीक चौकोन, प्रत्येकी ०.५, म्हणजे १२.५ सेंटिमीटर.

दुसरी दिशा उलटी: उंची १५ सेंटिमीटर कधी झाली? उभ्या अक्षावर १५ पासून उजवीकडे, रेषा लागली की खाली. उत्तर २ तास. दोन्ही वेळा वाट रेषेपाशीच वळते. या वाटा हलक्या तुटक रेषांनी प्रत्यक्ष काढा. नुसत्या नजरेने वर जाताना आपण नकळत एखादा चौकोन बाजूला सरकतो.

मेणबत्तीच्या आलेखात प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर मिळतं. दर वेळी असं होत नाही. चेंडू सरळ वर फेकला, सुरुवातीचा वेग सेकंदाला २० मीटर, हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरलं, तर

उंची = २० × वेळ − ५ × वेळ × वेळ

याचा आलेख उलट्या वाडग्यासारखा येतो. त्यावर १५ मीटरची आडवी रेषा ओढा. ती वक्राला दोनदा छेदते: १ सेकंदाला, जाताना, आणि ३ सेकंदांना, येताना. दोन्ही उत्तरं बरोबर. २० मीटरची रेषा वक्राच्या माथ्याला एकाच जागी, २ सेकंदांना, टेकते. २५ मीटरची रेषा कुठेच टेकत नाही. 'उत्तर नाही' हेही आलेखाने दिलेलं उत्तरच आहे: चेंडू तिथवर जातच नाही. प्रश्न उभ्या अक्षावरून सुरू होत असेल तर आडवी रेषा कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. पहिला छेद मिळाला की थांबायचं नाही.

वाचलेल्या किमतीला किती नेमकी मानायचं? साधारणपणे अर्ध्या बारीक चौकोनाइतका फरक धरून चला. मेणबत्तीच्या आलेखावरून कुणी १२.४७ सेंटिमीटर असं उत्तर दिलं, तर ते त्याने आलेखावरून वाचलेलं नाही.

रेषा म्हणजे चित्र नव्हे

आता रेषेच्या आकाराकडे. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, आणि घाईत लोक सोडून देतात तेही नेमकं हेच.

एक जण घरून चालत वाचनालयात जातो. आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर मीटरमध्ये. पहिल्या २० मिनिटांत रेषा शून्यापासून १६०० पर्यंत चढते, पुढची १० मिनिटं सपाट राहते, मग २५ मिनिटांत परत शून्यावर उतरते. नव्या माणसाला विचारा, इथे काय घडलं? 'तो टेकडी चढला, माथ्यावर चालला, मग उतरला.' आलेखात टेकडी कुठेच नाही. चढ म्हणजे घरापासून लांब जाणं, सपाट भाग म्हणजे अंतर बदलत नाही, उतार म्हणजे परत येणं. चेंडूच्या आलेखातही हाच फसवा भाग आहे. चेंडू सरळ वर जाऊन सरळ खाली येतो, तरी आलेख कमानीसारखा दिसतो, कारण आडव्या अक्षावर जागा नसून वेळ आहे.

सपाट भागाबद्दलही सावध राहा. घरापासूनचं अंतर तेवढंच राहिलं याचा अर्थ तो थांबला असा आपण लावतो. पण घराभोवती १६०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर तो चालत राहिला असता तरी रेषा अशीच सपाट आली असती. असं कुणी चालत नाही, हे खरं. पण आलेखाने काय सांगितलं आणि आपण पदरचं काय जोडलं, हे वेगळं ठेवायला या विचाराची मदत होते.

आकारावरून वाचायची नजर बसवायची असेल तर पाणी भरण्याचा प्रयोग करा. नळाची धार एकसारखी ठेवा आणि दर पाच सेकंदांनी भांड्यातल्या पाण्याची उंची नोंदवा. सरळ उभ्या भिंतींच्या भांड्यात उंची सारखीच वाढत जाते, आलेख सरळ रेषा. आता तळाशी पसरट, वर निमुळतं होत जाणारं आणि शेवटी सरळ मान असलेलं शंकूपात्र घ्या. तळाशी जागा भरपूर, म्हणून उंची सावकाश वाढते, रेषा जवळपास आडवी. भांडं निमुळतं होत जातं तशी रेषा उभी होत जाते. पाणी मानेत शिरलं की रेषा पुन्हा सरळ होते, पण आता चांगलीच तीव्र. गोल चंबूत काय होईल? आधी भराभर, मधल्या फुगीर भागात संथ, वर पुन्हा भराभर. प्रयोगाआधी कागदावर नुसता अंदाजाने आकार काढा, आकडे नकोत. जमला तर तुम्ही परिस्थितीचं गणिती प्रतिमान, म्हणजे ती परिस्थिती गणितात मांडणारं रूप, करायला लागलाच आहात, समीकरण अजून आलेलं नाही इतकंच.

रेषेतून समीकरण

सरळ रेषेला दोनच गोष्टी लागतात: सुरुवात कुठून आणि दर किती. सुरुवात म्हणजे आडव्या अक्षावर शून्य असताना रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती किंमत. दर म्हणजे रेषेचा चढ: उभ्या दिशेतला बदल भागिले आडव्या दिशेतला बदल.

मेणबत्तीची सुरुवात २०. चढासाठी दोन बिंदू निवडा, आणि ते एकमेकांपासून जितके लांब घेता येतील तितके घ्या. कारण असं. प्रत्येक वाचनात पाव सेंटिमीटरची चूक होऊ शकते, म्हणजे दोन वाचनांत मिळून अर्धा सेंटिमीटर. बिंदू इतके जवळ घेतले की उंचीतला फरकच अर्धा सेंटिमीटर आहे, तर उत्तराला काही अर्थच उरत नाही. १ तास आणि ७ तास घेतले, तर उंची १७.५ वरून २.५ वर येते. फरक १५ सेंटिमीटर, आणि चूक झालीच तरी सुमारे ३ टक्क्यांची.

चढ = (२.५ − १७.५) भागिले (७ − १) = −१५ भागिले ६ = −२.५

उंची = २० − २.५ × वेळ

ऋण चिन्ह म्हणजे उंची कमी होतेय. आता प्रत्येक संख्येला एकक लावा: २० सेंटिमीटर, तासाला २.५ सेंटिमीटर. चढाचं एकक नेहमी 'उभ्याचं एकक दर आडव्याचं एकक' असं असतं. एकक लावता येत नसेल तर कुठेतरी भागाकार उलटा झालाय.

समीकरणाला हद्दही लिहायची. वेळ ० ते ८ तास. ९ तास घातले तर उंची उणे २.५ येते, आणि उणे उंचीची मेणबत्ती नसते. ही हद्द परीक्षेत विचारत नाहीत म्हणून अनेक जण लिहीतच नाहीत. माझ्या मते ती समीकरणाइतकीच महत्त्वाची आहे.

याच कृतीने सेल्सिअसवरून फॅरेनहाइटचं सूत्र काढता येतं. पाणी गोठतं ते ० सेल्सिअस, ३२ फॅरेनहाइट. उकळतं ते १००, २१२. चढ १८० भागिले १००, म्हणजे १.८, सुरुवात ३२. पाठ केलेलं सूत्र विसरलं तरी हे दोन बिंदू लक्षात असले की पुरे. रेषा डावीकडे वाढवत नेली की उणे ४० ला दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात, तेही आलेखावर दिसतं.

परिस्थितीतून समीकरण

आता उलटा प्रवास. एका टाकीत ९०० लिटर पाणी आहे आणि मिनिटाला ३० लिटर बाहेर जातं. दुसऱ्या टाकीत १०० लिटर आहे आणि मिनिटाला २० लिटर आत येतं. दोन्हींतलं पाणी सारखं कधी होईल?

शब्दांमधून दोन गोष्टी शोधा. 'आहे', 'होतं', 'सुरुवातीला' हे शब्द सुरुवात सांगतात. 'मिनिटाला', 'दर', 'प्रत्येकी' हे शब्द चढ सांगतात. पहिली टाकी: ९०० − ३० × वेळ. दुसरी: १०० + २० × वेळ. दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. प्रत्येकीला दोन बिंदू पुरतात, पण तिसरा काढाच. तिन्ही एका ओळीत आले नाहीत तर आकडेमोडीत चूक आहे, हे तिथल्या तिथे कळतं.

रेषा १६ मिनिटांवर छेदतात, ४२० लिटरला. पडताळा: ९०० − ४८० = ४२० आणि १०० + ३२० = ४२०. छेदबिंदू आलेखावरून वाचायचा आणि समीकरणातून पक्का करायचा, ही जोडी सोडू नका. नुसत्या समीकरणाने कधीकधी निरर्थक उत्तर येतं आणि ते आपल्या लक्षात येत नाही. आलेखावर ते लगेच खटकतं. हद्द इथेही आहे: ३० मिनिटांनी पहिली टाकी रिकामी होते, आणि दुसरी किती मावेल तेवढीच भरते.

सरळ रेषा जुळत नाही तेव्हा

कपात गरम पाणी ठेवलंय, खोलीचं तापमान २५ अंश. समजा दर दहा मिनिटांनी नोंदी अशा मिळाल्या: ८५, ७०, ५९, ५०, ४४. पहिल्या दहा मिनिटांत १५ अंश उतरले, म्हणून मिनिटाला दीड अंश धरून सरळ रेषा ओढली तर काय होईल? चाळीस मिनिटांना पाणी खोलीइतकं गार. सत्तावन्नाव्या मिनिटाला शून्य अंश. उबदार खोलीत कपात बर्फ!

चुकीचं प्रतिमान ओळखायची सोपी युक्ती हीच: ते शेवटपर्यंत ताणून पाहा, काही तरी हास्यास्पद येतं का ते बघा.

मग जुळणारा आकार कसा शोधायचा? आधी लागोपाठच्या नोंदींमधले फरक काढा: १५, ११, ९, ६. फरक सारखे असते तर सरळ रेषा. इथे ते घटताहेत. दुसरा प्रयत्न गुणोत्तरांचा. पण गुणोत्तर कशाचं? पाणी खोलीच्या तापमानाकडे चाललंय, म्हणून प्रत्येक नोंदीतून २५ वजा करा: ६०, ४५, ३४, २५, १९. आता प्रत्येक संख्येला आधीच्या संख्येने भागा. ०.७५, ०.७६, ०.७४, ०.७६. जवळपास एकच आकडा. म्हणजे दर दहा मिनिटांनी खोलीपेक्षा असलेला जास्तीचा गरमपणा पाऊणपट होतो. गरम वस्तू आणि भोवताल यांतल्या फरकाच्या प्रमाणात वस्तू थंड होते, हा आयझॅक न्यूटन यांचा नियम १७०१ मध्ये छापलेल्या एका निनावी लेखातून आला. तुमच्या कपातल्या आकड्यांत तो असा दिसतो.

आकडे हाती आले की थेट समीकरण बसवायची घाई इथेच अंगाशी येते. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच तयार केले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांची सरासरी जवळजवळ सारखी, आणि चारही संचांवर उत्तम बसणारी सरळ रेषाही जवळजवळ एकच: उभी किंमत = ३ + ०.५ × आडवी किंमत. आलेख काढला की मात्र एक संच खरोखर रेषेभोवती विखुरलेला दिसतो, दुसरा स्वच्छ वक्र, तिसऱ्यात रेषा सरळ पण एक बिंदू वाट चुकलेला, आणि चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे, अकरावा दूर. म्हणून बिंदू आधी कागदावर मांडायचे, सूत्र मागाहून. आजकाल संगणक एका क्लिकमध्ये रेषा ओढून देतो, पण तिथे रेषा शोभते का, ते तो विचारत नाही.

कपाच्या प्रयोगात शेवटची नोंद घ्यायच्या आधी एक काम करा. ४० मिनिटांपर्यंतच्या नोंदींवरून ५० व्या मिनिटाचं भाकीत काढा: १९ चे पाऊणपट साधारण १४, अधिक २५, म्हणजे ३९ अंश. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मगच तापमापी पाण्यात बुडवा. ३९ च्या आसपास आलं तर छान. ३५ आलं तर आकडा खोडून नीट करू नका. मधल्या दहा मिनिटांत कुणी पंखा लावला का, ते आधी विचारा.